सर्व्हरलाही दुतोंड्या मारुती हवा

गोदावरीला पूर आला की नाशिककरांची नजर आधी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे जाते. पाणी मारुतीच्या पायाशी आहे, कमरेला लागले आहे की छातीवर चढले आहे, एवढे पाहून गोदाकाठचा दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतो. गंगापूर धरण किती टक्के भरले आणि विसर्ग किती क्युसेकने सुरू आहे, हेही पावसाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते. क्युसेक कशाला म्हणतात हे कधी न शिकलेला माणूसही त्या आकड्यावरून अंदाज बांधतो. पाणी किती आणि धोका किती हे सगळ्यांना दिसले पाहिजे, हे या शहराने पुराच्या तडाख्यांतून शिकून घेतले आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात गुजरातच्या सीमेजवळ असलेल्या हरसूलमध्ये आणि भोवतालच्या पाड्यांवर मात्र रोजच्या जगण्याला वेढून असलेल्या एका वेगळ्याच प्रवाहाची पातळी कुणाला दिसत नाही. रेशनचे धान्य, जातीचा दाखला, निराधारांचे अनुदान, रोजगार हमीची हजेरी, ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये, हे सगळे आता कुठल्यातरी सर्व्हरवरून येते. ते आले नाही की खिडकीतून ठरलेले उत्तर मिळते : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ कोणता सर्व्हर, कधीपासून बंद, कशामुळे बंद आणि उद्या तरी सुरू होणार का, हे खिडकीपलीकडच्या माणसालाही ठाऊक नसते.

या सर्व्हरची मोजणी होत नाही असे मुळीच नाही. ती क्षणाक्षणाला होत असते. किती विनंत्या आल्या, किती पूर्ण झाल्या, किती अडकल्या, प्रोसेसरवर आणि मेमरीवर किती ताण आहे, हे दाखवणारे डॅशबोर्ड कोणत्याही मोठ्या प्रणालीच्या नियंत्रण कक्षात लागलेले असतात. फक्त ते आतल्या माणसांपुरते असतात. लोकसेवेच्या सर्व्हरवरचा भार आणि त्यांची उपलब्धता दाखवणारा डॅशबोर्ड सर्वांसाठी खुला असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तो उभारण्यासाठी कोणते साधन घ्यायचे याचा निर्णयही हरसूलच्या रांगेतल्या माणसाला तो वाचता येईल का, या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे. साधनांची तुलना करताना आलेखांचे देखणेपण, किंमत आणि अभियंत्यांची सोय यांचा विचार आधी होतो. दुसऱ्याला दाखवण्याची सोय ही शेवटची एक ओळ असते. लोकसेवेच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा, कारण ज्याचे काम अडते तोच त्या डॅशबोर्डचा खरा वाचक आहे.

रेशन दुकानातल्या पॉस मशीनवरचा एक व्यवहार जवळून पाहिला तर हे लगेच पटेल. दुकानदार शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक टाकतो. पडद्यावर कुटुंबातल्या माणसांची नावे येतात. बाई पदराला बोट पुसून अंगठा ठेवते. तो ठसा पडताळणीसाठी आधारच्या प्रणालीकडे जातो, तिथून होकार येतो, मग धान्याचे वजन नोंदले जाते आणि पावती बाहेर पडते. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यानुसार अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य हा तिचा हक्क आहे, पण त्या हक्काची वाट अर्धा डझन कड्यांच्या साखळीतून जाते : मशीनची बॅटरी, सिमची रेंज, टॉवरची वीज, राज्याचा सर्व्हर, आधारची पडताळणी आणि परतीचा रस्ता. भाताची लावणी आणि नागली-वरईची निंदणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्या तर अंगठा पहिल्या खेपेला लागत नाही. तीन-तीन, चार-चार वेळा प्रयत्न होतात आणि त्यातला प्रत्येक प्रयत्न सर्व्हरवर नवा भार टाकतो. साखळीतली कोणतीही कडी तुटली तरी बाईला ऐकू येणारे वाक्य एकच. ती परत जाते, दुसऱ्या दिवशी जीपचे भाडे भरून पुन्हा येते आणि तिचा रोज बुडतो. रोजगार हमीच्या दराने धरले तर २०२५-२६ साली महाराष्ट्रात एका दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे ‘लाडकी बहीण’च्या पंधराशे रुपयांसाठी असे दोन हेलपाटे पडले तर मिळणाऱ्या रकमेतला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग वाटेतच संपला. खुद्द त्या मजुरीची हजेरीही यंत्रावरच असते. वैयक्तिक लाभाची कामे सोडली तर १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर हजेरी नोंदवणे सक्तीचे झाले.

सरकारी बाजूने यावर एक उत्तर तयार असते, ते टक्केवारीचे. कंत्राटात उपलब्धतेचा आकडा लिहिलेला असतो आणि ९९ टक्के म्हटले की कानाला छान वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, त्यांचा एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटे. हे सात तास मध्यरात्री गेले तर कुणाचे काही बिघडत नाही. धान्य आल्यानंतरच्या पहिल्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात ते गेले तर हरसूलच्या दुकानापुढचा अख्खा दिवस वाया जातो, आणि कागदावर कंत्राटदार तरीही उत्तीर्णच असतो. सरासरीत रांग दिसत नाही. दुसरी फसगत याहून मोठी आहे. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर प्रोसेसरचा वापर जेमतेम वीस टक्के, सगळे दिवे हिरवे, आणि त्याच वेळी ओटीपी पोचत नाही किंवा पडताळणीची कडी तुटलेली आहे म्हणून गावोगावचे व्यवहार अडलेले, हे सहज शक्य आहे. सर्व्हर रिकामा दिसतो तो काम संपले म्हणून की काम त्याच्यापर्यंत पोचलेच नाही म्हणून, हे नुसत्या प्रोसेसरच्या आलेखावरून कळत नाही. म्हणून खुल्या डॅशबोर्डवरचा पहिला आकडा हा असावा : या तालुक्यात आज किती व्यवहार सुरू झाले आणि त्यांतले किती शेवटपर्यंत गेले.

असा डॅशबोर्ड ही आज चैनीची वस्तू राहिलेली नाही, आणि त्याचे कारण क्लाउड. सर्व्हर जिल्ह्याच्या कचेरीतल्या एखाद्या खोलीत धूळ खात असत तेव्हा त्यांचे मोजमाप ठेवणे हे वेगळे काम होते. केंद्राच्या ‘मेघराज’ उपक्रमाने आणि महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलेल्या सार्वजनिक क्लाउड धोरणाने सरकारी प्रणालींना भाड्याच्या सर्व्हरकडे नेणारी वाट मोकळी केली. क्लाउडचे बिलच वापरावर येते, त्यामुळे मोजणी त्याच्या अंगातच असते, घराबाहेर लावलेल्या विजेच्या मीटरसारखी. मीटर आधीपासून फिरत असताना त्याचे आकडे घरमालकाला दाखवायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. इथे घरमालक म्हणजे कर भरणारी आणि रांगेत उभी राहणारी जनता. अमेरिकेच्या संघ सरकारने मार्च २०१५ मध्येच आपल्या संकेतस्थळांवर या क्षणी किती लोक आहेत हे दाखवणारे एक पान सर्वांसाठी उघडले आणि त्यामागचा संगणकीय कोडही खुला ठेवला.

साधन निवडायचे कसे? दुतोंड्या मारुती ज्या गुणांमुळे दीडदोन पिढ्यांना पुरून उरला त्याच गुणांवर ते पारखून घ्यावे, असे मी सुचवतो. त्याचा पहिला गुण म्हणजे तो काठावरच्या कुणालाही, काही न विचारता दिसतो. क्लाउड पुरवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची देखरेख साधने असतात. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमधला डॅशबोर्ड दुव्याने सर्वांना दाखवता येतो. ग्राफाना हे मुक्त स्रोत साधन आहे आणि त्यातही लॉगिनशिवाय उघडणारा सार्वजनिक डॅशबोर्ड करता येतो. कागदावर दोन्ही उत्तीर्ण. हरसूलच्या घाटात रेंज एका कांडीवर आली की मात्र फरक पडतो, कारण हे डॅशबोर्ड ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जड कोडवर उभे असतात आणि ते उतरण्यातच मिनिटे जातात. म्हणून ग्राफाना अभियंत्यांसाठी ठेवावे, आणि त्याच आकड्यांतून दर दहा-पंधरा मिनिटांनी एक साधे, काही किलोबाइटचे मराठी पान आपोआप तयार करून ठेवावे. त्यात आलेखही नको. ‘त्र्यंबकेश्वर तालुका, रेशन, सकाळी ११ : शंभरातले बासष्ट व्यवहार पूर्ण, पडताळणीत अडथळा, ऑफलाइन वाटप सुरू’ अशी एक ओळ पुरे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन आहेच, आणि ती स्थानिक भाषेत, त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा पद्धतीने पोचवण्याचा विचार करावा असेही तेच कलम सांगते. खुला पण इंग्रजी आणि उघडायला जड असा डॅशबोर्ड त्या कलमाच्या हेतूला पुरा पडत नाही.

मारुतीचा दुसरा गुण असा की ऐन पुरात तो जागेवर असतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा अमेरिकेतल्या एका भागात काही तास कोलमडली आणि तिच्यावर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे बंद पडली. त्या वेळी सेवांची स्थिती दाखवणारा कंपनीचा स्वतःचा फलकही नीट बदलता येईना, कारण तो फलक चालवणारी व्यवस्था त्याच एस-थ्रीवर टेकलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीने हे मागाहून जाहीरपणे मान्य केले. यातला धडा साधा आहे. ज्या सर्व्हरची तब्येत सांगायची त्याच सर्व्हरवर तब्येतीचा कागद ठेवू नये. राज्याच्या सेवा ज्या क्लाउडवर असतील त्याहून वेगळ्या कंपनीच्या किंवा वेगळ्या डेटा सेंटरच्या यंत्रावर हे साधे पान असले पाहिजे. निविदेत ही अट एका वाक्यात लिहिता येते, आणि ती लिहिली नाही तर नेमका गरजेच्या दिवशी डॅशबोर्ड गायब होतो.

तिसरा गुण स्मरणाचा. १९६९ चा पूर कुठवर आला होता आणि २०१९ चा कुठवर, हे नाशिकचे लोक मारुतीच्या अंगाखांद्यावरून सांगतात. संगणकाची स्मृती मात्र ठरवून द्यावी लागते. सर्व्हरचे आकडे गोळा करण्यासाठी जगभर वापरले जाणारे प्रोमिथिअस हे मुक्त स्रोत साधन काही न बदलता बसवले तर पंधरा दिवसांपूर्वीचे आकडे पुसून टाकते. क्लाउडवॉच मिनिटामिनिटाचे आकडे पंधरा दिवस, पाच मिनिटांचे त्रेसष्ट दिवस आणि तासातासाचे पंधरा महिने ठेवते. म्हणजे जसजसे दिवस जातात तसतशी आठवण धूसर होते आणि दहा मिनिटांचा बंद एका तासाच्या सरासरीत विरून जातो. आता याच्या शेजारी महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम ठेवून पाहा. २०१५ च्या या कायद्याने दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर पहिल्या अपिलासाठी तीस दिवस दिले आहेत, आणि सबळ कारण असेल तर त्याहून अधिकही. अर्जदार अपिलात उभा राहतो तोवर ‘त्या दिवशी सर्व्हर बंद होता’ या वाक्याचा पुरावा यंत्राने स्वतःच पुसलेला असू शकतो. त्या वाक्याचा खरेखोटेपणा मग कुणालाच ठरवता येत नाही. प्रोमिथिअसची मुदत वाढवता येते, दीर्घकाळ साठवणीसाठी त्याला जोड देता येते. प्रश्न तंत्राचा उरत नाही. निदान तीन वर्षांचे, दहा मिनिटांच्या तपशिलाचे आकडे जपले जातील, ही अट लिहून ठेवण्याचा तो प्रश्न आहे.

चौथा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो : मारुती धरणाच्या भिंतीवर उभा नाही, तो लोक राहतात त्या काठावर उभा आहे. सर्व्हरचे मोजमापही मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये बसून करायचे नसते. बाहेरून ठरावीक वेळाने सेवेचे दार ठोठावून ती उघडते का, किती वेळात उघडते, हे पाहणारी साधने आहेत. प्रोमिथिअसच्या सोबतीला ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर हे त्याच कामासाठी बनवलेले आहे, आणि झॅबिक्ससारख्या जुन्याजाणत्या साधनातही ही सोय आहे. एक स्वस्त यंत्र हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ग्रामपंचायतीत तिथल्याच मोबाईल नेटवर्कवर ठेवले तर ते दिवसभर हे दार ठोठावत राहील. तिथून दार उघडत नाही आणि नाशिकहून उघडते, तर दोष टॉवरचा. दोन्हीकडून उघडत नाही, तर दोष सर्व्हरचा. दार उघडते पण व्यवहार पुरा होत नाही, तर दोष पडताळणीच्या कडीत. आज या तिन्हींना मिळून एकच शब्द वापरला जातो, म्हणून कुणाचाच दोष सिद्ध होत नाही आणि कुणालाच दुरुस्तीची घाई नसते.

राहिला मालकीचा मुद्दा. काही व्यापारी साधने विलक्षण सोयीची आहेत, पण त्यांचे शुल्क यंत्रागणिक वाढते, आणि कंत्राटदार बदलला की जुने आकडे त्याच्याबरोबर जाण्याची भीती राहते. मुक्त स्रोत साधनांना प्राधान्य देण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१५ पासून आहे. म्हणून मोजणीसाठी प्रोमिथिअस किंवा झॅबिक्स, अभियंत्यांच्या पडद्यासाठी ग्राफाना, लोकांसाठी त्यातून निघणारे साधे मराठी पान आणि ते पान वेगळ्या जागी, अशी जुळणी मला योग्य वाटते. क्लाउड कंपनीचे स्वतःचे साधन टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. तिथले आकडे या जुळणीत ओढून घेता येतात, आणि ग्राफाना ते वाचू शकते. आकडे मात्र राज्याच्या ताब्यात राहावेत.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येईल आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. सर्व्हरवर ताण कधी असतो हे जगजाहीर केले तर हल्लेखोराला वेळ साधता येईल, अशी भीती आहे. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच साधन बघून घ्यावे लागते. क्लाउडवॉचचा डॅशबोर्ड सर्वांसाठी उघडला तर दुवा असलेल्या माणसाला डॅशबोर्डवर न दाखवलेले त्या खात्यातले इतर आकडे आणि सर्व्हरची नावेही मागता येतात, असा इशारा कंपनीच्या मार्गदर्शिकेतच दिलेला आहे. असा दुवा सरकारने कधीही जाहीर करू नये. याच्या उलट, आधीच काढून ठेवलेल्या आकड्यांच्या साध्या पानातून आत जायला रस्ताच नसतो. यंत्राची नावे, पत्ते, आवृत्त्या झाका, आणि तालुकावार यश-अपयश उघडे ठेवा. तेवढे गुपित तसेही गुपित नसते. रेशन दुकानापुढच्या रांगेला सर्व्हर बंद असल्याचे सर्वांत आधी कळते, त्यामुळे ते लपवून हल्लेखोरापासून काही वाचत नाही. धरणाचा विसर्गही घातपाताच्या भीतीने कुणी लपवत नाही, कारण लपवल्याने होणारे नुकसान ठरलेले असते.

दुसरा आक्षेप असा की या आकड्यांचे राजकारण होईल आणि कर्मचाऱ्यांवर खापर फुटेल. आज ते कुणावर फुटते हे आधी पाहिले पाहिजे. रेशन दुकानदार, सेवा केंद्राचा चालक आणि खिडकीतला कारकून यांना ज्या बिघाडात काडीचाही हात नाही त्याबद्दल शिव्या खाव्या लागतात, आणि ते खोटे बोलत आहेत असा संशय गावात घर करतो. काही वेळा तो संशय खराही असेल. खुला डॅशबोर्ड प्रामाणिक दुकानदाराला पाठबळ देतो आणि खोट्या सबबीला जागा ठेवत नाही. लोकसेवा हक्क अधिनियमात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. खरोखर सर्व्हरच बंद होता हे दाखवणारी नोंद त्याच अधिकाऱ्याच्या बचावाला येईल.

तिसरा आक्षेप : आदिवासी पाड्यावरचा माणूस डॅशबोर्ड वाचणार कसा? हा आक्षेप घेणारे त्या माणसाला फार कमी लेखतात. लावणीची वेळ ठरवताना आभाळ वाचणारा, रोजगार हमीच्या मस्टरवरचा एक खाडा चुकीचा पडला तर नेमका तोच दाखवणारा माणूस ‘शंभरातले बासष्ट’ समजून घेतो. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवण्याची रीतही आपल्याकडे आहे. सातबाऱ्याचे चावडीवाचन हा महसूल खात्याने राबवलेला कार्यक्रम आहे. भाराची माहिती कळली तर तिचा उपयोगही लगेच होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाले तेव्हा ओटीपी येत नसल्याच्या आणि संकेतस्थळ अडखळत असल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. कोणत्या वेळी गर्दी ओसरते हे त्या दिवसांत रोज जाहीर झाले असते, तर किती जणींचा रोज वाचला असता याचा विचार करावा.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटचा आहे. डॅशबोर्ड पुष्कळ झाले, त्यांनी बदलते काय? केंद्राचा ‘ई-ताल’ २०१३ पासून इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची मोजदाद मांडतो आहे. त्याचा भर झालेल्या व्यवहारांवर आहे, परत गेलेल्या माणसावर नाही. ब्रिटनमध्ये सरकारी सेवांसाठी एक खुला फलक होता. किती लोक ऑनलाइन सेवा वापरतात, किती जण अर्ज शेवटपर्यंत नेतात, एका व्यवहाराला किती खर्च येतो आणि लोक समाधानी आहेत का, हे चार आकडे त्यावर मांडले जात. पुढे तो बंद करण्यात आला. नुसता आकडा टांगून काही होत नाही हे मला मान्य आहे. आकड्याला कृती बांधलेली असली तर मात्र होते, आणि त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. यूपीआय चालवणारी राष्ट्रीय देयके महामंडळ ही संस्था प्रणालीची उपलब्धता आणि बँकनिहाय तांत्रिक अपयशाचे प्रमाण दर महिन्याला प्रसिद्ध करते. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय कोलमडले तेव्हा बँकांकडून ‘हा व्यवहार झाला का’ अशी त्याच त्या व्यवहारांची अतोनात विचारणा होत असल्याचे कारण पुढे आले. मग विचारणेवर बंधने आली, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसात पन्नासपेक्षा जास्त वेळा शिल्लक पाहता येणार नाही असा नियम झाला. मोजणीतून कारण सापडले आणि कारणातून नियम आला. शहरी माणसाच्या चहाच्या दहा रुपयांसाठी हे होऊ शकते, तर हरसूलच्या पस्तीस किलो धान्यासाठीही झाले पाहिजे.

बांधायची कृतीही अवघड नाही. पॉस यंत्रणा कोलमडल्यावर ऑफलाइन वाटपाची मुभा यापूर्वी द्यावी लागलेली आहे, पण ती ओरड झाल्यावर, वरून आदेश निघाल्यावर मिळते. एखाद्या तालुक्यात सलग दोन तास निम्म्याहून अधिक व्यवहार अपुरे राहिले तर त्या दिवसापुरते ऑफलाइन वाटप, कागदी हजेरी आणि अर्जाच्या मुदतीत एका दिवसाची वाढ आपोआप लागू होईल, असा शासन निर्णय काढता येतो. मग खुला डॅशबोर्ड नुसती माहिती न राहता तहसीलदाराच्या सहीची वाट न पाहणारा हक्क बनतो. यात गैरवापर होईल असे कुणी म्हणेल, तर दोन तासांची अट मोजणारा दुकानदार नसून वेगळ्या जागी बसलेले यंत्र आहे, हे लक्षात घ्यावे.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी त्र्यंबकेश्वरात सुरू आहे. एवढी गर्दी सांभाळायची तर नियंत्रण कक्ष आणि भाराचे डॅशबोर्ड लागतीलच, त्यासाठी पैसाही येईल आणि माणसेही. पर्वणी संपल्यावर ती यंत्रे गुंडाळून न ठेवता त्यांतले मोजणीचे काम त्याच तालुक्यातल्या हरसूलकडे वळवावे. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गावावर झालेल्या खर्चाच्या विनियोगाचा दाखला देण्याचा अधिकार दिला आहे. ज्या सर्व्हरवर गावाचे धान्य आणि मजुरी अवलंबून आहे, त्याचा महिन्याचा हिशेब त्याच ग्रामसभेपुढे मराठीत वाचला जावा : किती वेळा बंद, कोणत्या कडीमुळे, किती माणसे परत गेली आणि त्यांना नंतर धान्य मिळाले का. त्या हिशेबाचा एक कागद रेशन दुकानाच्या दारावर चिकटवला, तर परत जावे लागणाऱ्या बाईला निदान हे कळेल की आज ती आली होती याची नोंद झाली आहे.